पेरिक्लीस कोलार्गसकर आणि मोरगावची ग्रामसभा

अष्टविनायकाची यात्रा मोरगावापासून सुरू होते आणि रिवाज पाळायचा तर मोरगावलाच येऊन संपते. बारामती तालुक्यातलं, कऱ्हेकाठचं हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. मयूरेश्वराचं दर्शन, बाहेर देवळाकडे तोंड करून बसलेला नंदी, चहा, की परत गाडीत. पण तिथला देव ‘गणपती’, म्हणजे गणांचा पती. गण म्हणजे समूह. याच ‘गण’ शब्दापासून ‘गणराज्य’ झालं आणि २६ जानेवारीला आपण झेंड्याला सलाम करतो तो याच गणराज्याच्या नावानं.

शाळेच्या पुस्तकातली लोकशाहीची यात्रा मात्र अथेन्सपासून सुरू होते, रोमला जाते, मग एकदम इंग्लंड, फ्रान्स आणि शेवटी दिल्ली. या यात्रेत मोरगाव कुठेच नाही. आपल्याला वाटतं, ग्रीक-रोमन म्हणजे स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा विषय, आपलं काय त्यात? आपण बरे, आपलं थर्मोडायनॅमिक्स बरं! पण जरा खोलात गेलं तर कळतं, अथेन्समध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी जे चाललं होतं त्याचं सगळ्यात जवळचं रूप आज संसदेत नाही, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर आहे. कसं ते बघू.

नाव, बापाचं नाव, गावाचं नाव

‘डेमोक्रसी’ हा शब्द ‘डेमॉस’ आणि ‘क्रॅटोस’ या दोन ग्रीक शब्दांचा. क्रॅटोस म्हणजे सत्ता आणि डेमॉस म्हणजे लोक, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण डेमॉसचा आणखी एक अर्थ आहे : गाव किंवा वाडी.

इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्यानं अथेन्सच्या राज्याची नवी मांडणी केली. त्याआधी माणसाची ओळख कुळावरून होती. कोण कुठल्या घराण्यातला, यावर सगळं चालायचं. क्लेइस्थेनिसनं कुळं बाजूला ठेवली आणि गाव हा घटक धरला. अशी सुमारे १४० गावं-वस्त्या होत्या. प्रत्येक गावाची स्वतःची सभा, स्वतःचा मुखिया, स्वतःची नागरिकांची यादी. पोरगा अठरा वर्षांचा झाला की गावच्या सभेपुढे उभा राहायचा, लोक त्याचं वय आणि आईबाप खरे आहेत का ते तपासायचे आणि मगच त्याचं नाव यादीत चढायचं. अठरा वर्षं आणि मतदारयादी! ओळखीचं वाटतंय ना?

पुढची गंमत बघा. अथेन्सच्या नागरिकाचं पूरं नाव तीन भागांचं असे : स्वतःचं, वडिलांचं आणि गावाचं. प्रसिद्ध पुढारी पेरिक्लीस याचं अधिकृत नाव ‘पेरिक्लीस, झँथिप्पसचा मुलगा, कोलार्गस गावचा’. मराठीत सरळ लिहायचं तर पेरिक्लीस झँथिप्पस कोलार्गसकर! आपल्या हजेरीपटावर इंदापूरकर, सुपेकर, बारामतीकर असतात, तसाच हा. आणि माणूस गाव सोडून शहरात राहायला गेला तरी त्याचं गाव बदलत नसे. नातवालाही आजोबाचंच गाव लागायचं. हॉस्टेलवर राहूनही ज्यांचं नाव गावच्या मतदारयादीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

चिठ्ठी टाकणारं यंत्र

आता इंजिनियर लोकांच्या कामाचा भाग.

अथेन्समध्ये बहुतेक सरकारी पदं निवडणुकीनं नव्हे, चिठ्ठीनं भरत. सेनापती आणि पैशाचा मोठा व्यवहार बघणारे काही अधिकारी मतानं निवडत, कारण तिथे कसब लागतं. बाकीच्यांना चिठ्ठी. ॲरिस्टॉटलनं तर लिहून ठेवलंय की चिठ्ठी ही लोकशाहीची पद्धत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. कारण उघड आहे. निवडणुकीत पैसा, घराणं आणि भाषणबाजी असणारा पुढे जातो. चिठ्ठीला यातलं काहीच दिसत नाही.

पण चिठ्ठीतही हातचलाखी होऊ शकते. म्हणून त्यांनी एक यंत्र बनवलं : क्लेरोटेरियन. एक उभी दगडी शिळा, तिच्यावर ओळीनं कोरलेल्या अरुंद खाचा. प्रत्येक उमेदवाराची स्वतःची नावाची पट्टी असायची, आधी ब्राँझची, नंतर लाकडाची. ती पट्टी खाचेत बसवायची. शिळेच्या बाजूला एक नळी, वर नरसाळं. नरसाळ्यात काळे आणि पांढरे गोळे एकत्र ओतायचे. खालून एकेक गोळा सोडायचा. पांढरा आला की ती आडवी ओळ अख्खी निवडली, काळा आला की ती ओळ घरी. जितक्या ओळी हव्यात तितके पांढरे गोळे. कुणाचा गोळा कधी येणार हे यंत्र चालवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. या यंत्राचा भाग आजही अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे आणि त्याच्या वापराचं वर्णन ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात आहे. हा ग्रंथ हरवला होता. इजिप्तमध्ये पपायरसच्या गुंडाळ्यांवर सापडला आणि १८९१ मध्ये छापला गेला.

यात गणितही आहे. राज्याची पाचशे जणांची समिती (बूले) चिठ्ठीनं निवडायची, पण सरसकट नाही. दहा विभाग, प्रत्येकातून ५०. विभागातल्या प्रत्येक गावाचा वाटा लोकसंख्येच्या अंदाजानं ठरलेला. आपण स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात ज्याला स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग म्हणतो तेच हे! शिवाय एका माणसाला आयुष्यात दोनदाच या समितीवर येता येई आणि समितीचं अध्यक्षपद फक्त एक दिवसाचं. तेही चिठ्ठीनं.

आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी काय होतं ते आठवा. काही आरक्षण लोकसंख्येच्या उतरत्या क्रमानं ठरतं, पण काही चिठ्ठीनंच. बरणीत चिठ्ठ्या आणि लहान मुलाच्या हातून उचल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली तरी चिठ्ठीच. भल्याभल्या पुढाऱ्यांच्या पाच वर्षांच्या तयारीवर चौथीतलं पोर पाणी फिरवतं. फरक इतकाच की आपल्याकडे चिठ्ठी प्रवर्ग ठरवते, माणूस मतदार ठरवतात. अथेन्समध्ये चिठ्ठीच माणूस ठरवायची.

कोरम आणि लाल दोर

अथेन्सची मुख्य सभा प्निक्स नावाच्या टेकडीवर भरायची. इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला चाळीस सभा. कुणालाही नागरिकत्व देणं वगैरे महत्त्वाच्या ठरावांना सहा हजारांची गणपूर्ती लागायची. आणि मित्रांनो, तिथेही लोक वेळेवर येत नसत! ॲरिस्टोफेनिसच्या एका विनोदी नाटकात याची मजा आहे. बाजारात गप्पा छाटत उभे असलेले नागरिक सभेला हलावेत म्हणून लाल रंगात भिजवलेला लांब दोर दोन बाजूंनी धरून गर्दीवरून आणायचे. अंगरख्याला डाग लागला की हा गडी सभा चुकवत होता हे सगळ्यांना कळायचं.

पुढे त्यांनी आणखी शहाणपणाचा मार्ग काढला. सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू केला. एका ओबोलपासून सुरुवात झाली आणि पुढे तो एका द्राख्मापर्यंत गेला. हेतू सरळ होता : हातावर पोट असणाऱ्यानं रोज बुडवून सभेला यायचं कसं? पैसेवाल्याला वेळ असतो, गरिबाला नसतो. मोरगाव-सुपे हा बारामतीचा जिरायत पट्टा. कॅनॉलखालच्या बागायती गावांसारखी इथली परिस्थिती नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं कामाच्या दिवशी ग्रामसभेला का यावं, हा प्रश्न इथेही तितकाच खरा आहे.

आपल्या ग्रामसभेचं गणित असं आहे. गावच्या मतदारयादीत नाव असणारा प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. निवडून यावं लागत नाही, कुणी नेमावं लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या त्यांच्या परिचित तारखा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. आता मेख बघा : गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे पहिल्या सभेला लोक आले नाहीत, तर दुसरीत ओट्यावरचे मोजके लोक गावाच्या वतीनं ठराव करू शकतात. न येणाऱ्याचं मत कुणी विचारत नाही, पण त्याच्या नावावर निर्णय होतो.

अथेन्समधली आणखी एक गोष्ट आपल्याला घेण्यासारखी आहे. पदाची मुदत संपली की प्रत्येक अधिकाऱ्याला हिशेब द्यावा लागे. त्याला ‘युथिना’ म्हणत. आधी पैशाचा हिशेब, मग कारभाराचा, आणि कुठलाही नागरिक उठून तक्रार करू शकायचा. ग्रामसभेत जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे वाचले जातात (किंवा वाचायला हवेत!) तो हाच प्रकार. आणि कोर्टातल्या भाषणांना वेळ मोजून मिळे. तळाला भोक असलेल्या भांड्यातलं पाणी संपलं की भाषण बंद. लग्नाचा मुहूर्त गाठायला आपल्याकडे घटिकापात्र वापरायचे, त्याचाच हा चुलत भाऊ. फरक इतकाच की घटिकापात्रात पाणी आत शिरतं आणि त्यांच्या भांड्यातून बाहेर पडायचं. आपल्या गॅदरिंगच्या पाहुण्यांसाठी हे भांडं मिळालं तर बरं होईल.

खापरावरचं नाव

एखादा पुढारी डोईजड व्हायला लागला तर? अथेन्समध्ये वर्षातून एकदा विचारलं जाई, यंदा कुणाला घालवायचं का? हो म्हटलं तर ठरलेल्या दिवशी लोक फुटक्या मडक्याच्या खापरावर एकेक नाव कोरून टाकायचे. किमान सहा हजार खापरं जमली, तर सगळ्यात जास्त खापरं ज्याच्या नावाची तो दहा वर्षं गावाबाहेर. मालमत्ता जप्त नाही, शिक्षा नाही, फक्त दूर राहायचं. खापराला ग्रीकमध्ये ‘ऑस्ट्रॅकॉन’ म्हणतात.

प्लुटार्कनं एक गोष्ट सांगितली आहे. ॲरिस्टाइडिस नावाचा पुढारी, सचोटीबद्दल प्रसिद्ध. मतदानाच्या दिवशी एक अडाणी शेतकरी त्याच्याकडेच खापर घेऊन आला. ओळखत नव्हता. म्हणाला, यावर ॲरिस्टाइडिसचं नाव लिहून दे. त्यानं विचारलं, त्यानं तुझं काय वाकडं केलंय? काही नाही, पण जो तो त्याला ‘न्यायी, न्यायी’ म्हणतो ते ऐकून कान किटलेत! ॲरिस्टाइडिसनं मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहून दिलं. त्याला इ.स.पू. ४८२ मध्ये जावं लागलं.

याची दुसरी बाजूही सापडली आहे. अक्रोपोलिसजवळच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसचं नाव असलेली सुमारे १९० खापरं मिळाली. हस्ताक्षरं तपासली तर ती जेमतेम चौदा-एक लोकांनी लिहिलेली. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ढीग तयार ठेवला होता. गटाचं राजकारण तेव्हाही होतंच.

रोम : पांढरे कपडे आणि वजनदार मतं

रोमनं इ.स.पू. ५०९ च्या सुमारास राजा घालवला असं परंपरा सांगते. त्यानंतरच्या राज्याला ते ‘रेस पब्लिका’ म्हणत. त्यावरून रिपब्लिक. वर दोन कॉन्सल, दोघांची मुदत एकच वर्ष आणि एकाला दुसऱ्याचा निर्णय अडवता यायचा. सामान्य लोकांनी गाव सोडून जाण्याचा संप केला तेव्हा, इ.स.पू. ४९४ मध्ये, त्यांना स्वतःचे ट्रिब्यून मिळाले. हे ट्रिब्यून ‘व्हीटो’ म्हणाले की काम थांबे. व्हीटो म्हणजे ‘मी मनाई करतो’. आपल्या विद्यापीठाची ‘सिनेट’ त्यांचीच. मूळ शब्दाचा अर्थ म्हातारा माणूस, म्हणून सिनेट म्हणजे ज्येष्ठांची बैठक. आणि ‘कँडिडेट’? निवडणुकीला उभा राहणारा खडूनं पांढराशुभ्र केलेला अंगरखा घालून हिंडायचा, त्या ‘कँडिडा’ म्हणजे पांढऱ्या रंगावरून हा शब्द आला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे ही आपल्याकडची फॅशन म्हणायची की रोमची, तुम्हीच ठरवा.

पण रोमची मतं सारखी नव्हती. एका महत्त्वाच्या सभेत नागरिकांचे संपत्तीप्रमाणे १९३ गट केलेले होते आणि प्रत्येक गटाला एक मत. घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या श्रीमंत वर्गाचे ८०, म्हणजे ९८ गट श्रीमंतांचे. तेवढ्यात बहुमत झालंच! बहुमत झालं की मोजणी थांबायची आणि गरिबांच्या गटापर्यंत पाळीच यायची नाही.

हे समजायला आपल्या भागातलं उदाहरण चांगलं आहे. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त, हा झाला रोमचा हिशेब. सोमेश्वर, माळेगाव किंवा इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने. तिथे शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. हा अथेन्सचा हिशेब. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत एवढा आवाज का होतो, याचं एक उत्तर यात आहे.

रोमची खरी देणगी मात्र कायदा. इ.स.पू. ४५१-४५० मध्ये बारा पाट्यांवर कायदे लिहून चौकात लावले. तोवर कायदा मोजक्या लोकांच्या तोंडात होता. लिहिल्यावर तो सगळ्यांना दाखवता येऊ लागला.

आपल्याकडे काय होतं?

‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणणारे आपल्याला भेटतात, आणि ‘आपल्याकडे काहीच नव्हतं’ म्हणणारेही. दोन्ही खरं नाही.

संबंध तर होता. मूळ ग्रीकांना आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांना आपले पूर्वज ‘यवन’ म्हणत. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नरच्या लेण्यांत, इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या टाक्या दान केल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांबही धेनुकाकट इथल्या यवनांनी दिलेले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती सापडली. पण हा संबंध व्यापाराचा आणि दानधर्माचा. त्यातून प्निक्सची सभा इकडे आली असं काही नाही.

सभा आपल्या आपण होत्या. बौद्ध भिक्षुसंघात ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे, शलाका वाटून मत घेण्याचे नियम होते. मराठा काळात गोतसभा होती. पुणे-सुपे ही शहाजीराजांची जहागीर. असल्या परगण्यांत वतनाचा, शिवेचा तंटा निघाला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमायचे, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. खाली सह्यांऐवजी निशाण्या : पाटलाचा नांगर, सुतार-लोहारांची त्यांची त्यांची हत्यारं. पण ही सभा वतनदारांची होती. तिथे जन्मानं आलेली जागा होती, समान मत नव्हतं.

अलीकडचा प्रयोग औंध संस्थानचा. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि गांधीजींच्या सल्ल्यानं, १९३९ मध्ये राज्य लोकांच्या हाती दिलं आणि गावपंचायत हा पाया धरला. या कामात एक परदेशी माणूस होता, मॉरिस फ्रिडमन. पोलंडमधून आलेला आणि पेशानं इंजिनियर! आपल्या ब्रँचच्या लोकांनी ही नोंद घ्यावी.

बाहेर कोण राहिलं?

अथेन्सचं कौतुक करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे परके नव्हते. पेरिक्लीसची लोकशाही गुलामांच्या कष्टावर उभी होती.

आणि सभेचंही चुकतं. इ.स.पू. ४०६ मध्ये समुद्रावरची लढाई जिंकूनही बुडालेल्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून सेनापतींना एकाच ठरावात, एकगठ्ठा मृत्युदंड द्यायचं सभेनं ठरवलं. हे कायद्याविरुद्ध होतं. त्या दिवशी कामकाज चालवणाऱ्या समितीत चिठ्ठीनं आलेला एक माणूस अडून बसला : सॉक्रेटीस. त्याचं ऐकलं गेलं नाही. सहा सेनापती मारले गेले आणि पुढे लोकांना पस्तावा झाला.

बहुमत आणि कायदा यांत फरक असतो तो हा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना नेमका ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार घेतला आणि ‘घटनात्मक नीती’ ही कल्पना मांडली. ही नीती माणसात आपोआप येत नाही, ती अंगी बाणवावी लागते, हा त्यांचा मुद्दा. त्याच भाषणात त्यांनी खेड्याच्या भाबड्या कौतुकावरही कठोर टीका केली. गावकुसाबाहेर ज्यांनी पिढ्या काढल्या त्यांच्या बाजूनं गाव कसं दिसतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

म्हणून पंचायत पुन्हा उभी करताना नुसती जुनी गोतसभा आणून भागणार नव्हतं. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत जागा दिली, अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना राखीव जागा दिल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. प्निक्सच्या टेकडीवर जे कधी घडलं नाही, ते आपल्या चावडीवर कायद्यानं घडलं आहे. कायद्यानं, असं मुद्दाम म्हणतोय. कारण सरपंचबाईंच्या खुर्चीत मालक बसलेले अजूनही दिसतात. महिलांची वेगळी सभा कागदावर उरकली जाते. तिथे लाल दोर कुणी धरायचा?

आपण काय करायचं?

अठरा पूर्ण झालेले आपण सगळे कुठल्या ना कुठल्या ग्रामसभेचे किंवा वॉर्डाचे मतदार आहोत. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला कॉलेजला सुट्टी असते. झेंडावंदन झालं की आपल्यातले निम्मे गावी जाऊन झोप काढतात, निम्मे रूमवर. त्याच दिवशी गावात पाण्याच्या टाकीचा, रस्त्याचा, घरकुलाच्या लाभार्थ्यांचा ठराव होतो. टाकी किती लिटरची हवी, पाइप किती व्यासाचा, इस्टिमेट बरोबर आहे का, हे त्या बैठकीत आपल्याइतकं कुणाला कळणार? सिव्हिलच्या पोरानं मोजमाप पुस्तिका बघायला मागितली, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

पुढच्या वेळी गावी गेलात तर एवढं करा. आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर विषयपत्रिका वाचा. सभेला जाऊन बसा. मागच्या सभेचं इतिवृत्त आणि जमाखर्च वाचून दाखवायला सांगा. जमलं तर आईला किंवा बहिणीला बरोबर न्या. पहिल्यांदा कुणी म्हणेल, ‘तू शिकायला बाहेर असतोस, तुला काय करायचंय?’ त्याला सांगा, कोलार्गसचा माणूस अथेन्स शहरात राहिला तरी त्याचं नाव कोलार्गसच्याच यादीत असायचं. आपलंही नाव यादीत आहे, आणि शंभराच्या गणपूर्तीत एक डोकं आपलं धरलेलं आहे.